पाणी, वीज, गॅस : बिल एक चालेल, हिशेब तीनच हवेत



यंदाच्या वार्षिक सभेत एका सूचनेवर ज्या टाळ्या पडल्या, तशा ऊसदराच्या विषयालासुद्धा पडल्या नाहीत. सूचना अशी होती की, कारखान्याने सभासदांसाठी एक कंपनी काढावी. त्या कंपनीने भीमेवरून उपसा करून पाणी द्यावे, सौर वीज तयार करून पंप दिवसा चालवावेत आणि प्रेसमडपासून गॅस करून तो गावोगाव पुरवावा. तिन्हीचे मिळून एक बिल, आणि ते बिल ऊसबिलातून परस्पर कपात. सूचना मांडणारे सभासद म्हणाले, "शेतकऱ्याला चार खिडक्या नकोत, एकच खिडकी द्या." मंडप दणाणला.

आम्ही शेती खात्याचे लोक मंडपाच्या कडेला उभे होतो. टाळ्या आम्हीही वाजवल्या. पण घरी जाताना मोटरसायकलवर एक जुनी गोष्ट आठवली आणि मन साशंक झाले. हा लेख त्या शंकेचा आहे. सूचनेला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर सोमवारी गट कार्यालयात आम्हाला जाब द्यावा लागेल.

सूचनेला टाळ्या का पडल्या, हे समजायला फार डोके लागत नाही. आपले कार्यक्षेत्र भीमेच्या दोन्ही काठांना आहे. अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. शिरूरकडे घोड आणि चासकमानचे पाणी, दौंडकडे खडकवासल्याचा कालवा, आणि मध्ये नदीवरचे बंधारे. पाण्याचे आवर्तन सुटते ते पाटबंधारे खात्याच्या तारखेने. वीज येते ती महावितरणच्या वेळापत्रकाने. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. आता ही दोन वेळापत्रके एकमेकांना ओळखत नाहीत. कालव्याला पाणी आहे त्या आठवड्यात आपल्या फीडरची पाळी नेमकी रात्रीची असते, आणि दिवसा वीज येते तेव्हा बंधाऱ्याच्या फळ्या काढलेल्या असतात. आडसालीला मे महिन्यात एक पाळी हुकली तर टनेज किती पडते, हे ज्याने भोगले त्याला आम्ही सांगायला नको.

त्यात बिबट्या. शिरूरच्या उत्तरेकडच्या गावांत बिबट्याने माणसे नेली आहेत. ऊस म्हणजे त्याचे घरच झाले. रात्री अकराला मोटार चालू करायला निघालेल्या पोराच्या मागे त्याची आई बॅटरी घेऊन बांधापर्यंत जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. २०२४ साली सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत केली. चांगले झाले. पण फुकटची वीजसुद्धा रात्रीच आली तर बारं रात्रीच द्यावं लागतं. आणि नदीवरच्या सामाईक उपशाच्या मोटारी साडेसातच्या कितीतरी वर असतात, त्यांना ही सवलत नाही.

तेव्हा पाणी आणि वीज एकाच हाती असावी, म्हणजे दोन्हीची पाळी एकत्र लावता येईल, हा विचार शहाणपणाचाच आहे. प्रश्न वेगळा आहे. तो हात कोणाचा, आणि त्या हाताचा हिशेब कोण तपासणार?

जुनी गोष्ट सांगतो. आम्ही शेतकी पदविका घेऊन नुकतेच नोकरीला लागलो होतो. या कारखान्यात नव्हे, दुसरीकडे. तिथे नदीवर एक उपसा योजना होती. योजना सहकारी, कर्ज बँकेचे, वीज मंडळाची, आणि पाणीपट्टी ऊसबिलातून कपात होत असे. कागदावर बघाल तर वसुली शंभर टक्के. कपातीची वसुली शंभर टक्केच असते, कारण देणाऱ्याला विचारलेले नसते. पण कपात झालेला पैसा जाई एका सामाईक खात्यात. त्यातून तोडणी वाहतूकदारांची उचल भागे, दुरुस्तीची बिले भागत, जे कोणी दारात जास्त ओरडेल त्याचे भागे. विजेचे बिल ओरडत नाही, ते नुसते साचते. ते साचत गेले, आणि एका उन्हाळ्यात वीज तोडली.

त्या योजनेवर एक म्हातारे सभासद होते. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी बारा वर्षांच्या ऊसबिलांच्या पावत्या साखरेच्या रिकाम्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. ती पिशवी त्यांनी आमच्या टेबलावर ओतली आणि म्हणाले, "साहेब, माझी पट्टी दरसाल कापली. ह्ये बघा. मग माझं पाणी कशापायी तोडलं?" आम्ही पावत्या चाळल्या. प्रत्येक पावतीवर पाणीपट्टीची कपात होती. उत्तर आमच्याकडे नव्हते. ज्यांची कपात झाली त्यांचा ऊस वाळला आणि ज्यांची झाली नाही त्यांचाही वाळला. खांबावरून तार कापणाऱ्याला त्यातला फरक दिसत नाही. पुढे योजना बंद पडली, पाईप भंगारात गेले आणि कर्जाचा बोजा सात-बारावर बसला. नानांच्या मुलाने विकास सोसायटीकडे पीककर्ज मागितले तेव्हा तो बोजा पहिल्यांदा घरात कळला.

चोरी कोणी केली नव्हती, हेही सांगायला हवे. एक पैसाही कोणी घरी नेला नाही. फक्त एका सेवेचा पैसा दुसऱ्या सेवेला वापरला गेला, आणि तो कुठे थांबवायचा हे सांगणारा कोणी वर नव्हता.

एकाच संस्थेने लोकांना दोन-तीन गरजेच्या सेवा द्यायच्या, हा प्रकार नवा नाही. आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला मुंबईचा आहे. मुंबईच्या लाल बसवर 'बेस्ट' लिहिलेले असते ते सर्वांनी पाहिले आहे. पण तीच बेस्ट मुंबई शहरात वीजही पुरवते. १९०५ साली 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' म्हणून कंपनी निघाली. १९०७ साली विजेची ट्राम धावली. ट्रामला वीज लागते आणि वीज तयार करायची तर गिऱ्हाईक लागते, म्हणून हे दोन धंदे जोडीने जन्मले. ऑगस्ट १९४७ मध्ये महापालिकेने ती कंपनी ताब्यात घेतली. ट्राम १९६४ साली बंद झाली, पण बस आणि वीज यांचे एकत्र कुटुंब चालूच राहिले.

या एकत्र कुटुंबात मिळवता भाऊ वीज आणि खर्चिक भाऊ बस. बसचा तोटा विजेच्या कमाईतून भरून निघे, त्यामुळे तिकीट स्वस्त राही. यात वाईट काय? गरिबाला बस स्वस्त मिळाली, चांगलेच झाले. आमचेही मत बरीच वर्षे तसेच होते. पण नकाशा काढून बघितला म्हणजे गोम कळते. बेस्टची वीज कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, म्हणजे जुन्या शहरापुरती. बस मात्र उपनगरातही धावते, जिथे वीज दुसऱ्या कंपन्यांची आहे. म्हणजे परळच्या चाळीतली बाई आपल्या विजेच्या बिलात अंधेरीच्या प्रवाशाच्या तिकिटाचा वाटा भरत होती. तिला हे कोणी विचारले नव्हते. राज्य वीज नियामक आयोग १९९९ साली स्थापन झाला, दर ठरवण्याच्या उघड सुनावण्या सुरू झाल्या, तेव्हा हा प्रश्न चव्हाट्यावर आला. काही वर्षे तर बसच्या तोट्याची वसुली वीजबिलावर वेगळी ओळ घालून होत होती. २०१६ साली ती बंद झाली. मग बसची ओढाताण उघडी पडली आणि महापालिकेला मदतीचा हात पुढे करावा लागला.

यातून आम्ही जे घेतले ते असे. बसला मदत द्यायची की नाही हा मुंबईकरांचा प्रश्न. द्यावी असेच आम्ही म्हणू. पण ती द्यायचा निर्णय सभागृहात हात वर करून व्हावा, विजेच्या बिलात गपचूप नको. बिलावर वेगळी ओळ आली त्या दिवशी लोकांना भांडता आले. ओळ नव्हती तोवर भांडण कशाशी करणार?

२००३ च्या विद्युत कायद्याने हा धडा घेतलेला दिसतो. त्यातले ५१ वे कलम मुद्दाम बघण्यासारखे आहे. वीज वितरणाचा परवाना असलेल्याने दुसरा धंदा करायचा तर आयोगाला आधी कळवायचे. त्या धंद्याचे हिशेब वेगळे ठेवायचे. विजेच्या खांब-तारा वापरून जादा कमाई झाली तर त्यातला आयोग ठरवील तेवढा वाटा वीज वाहून नेण्याचा दर उतरवायला लावायचा. आणि विजेच्या धंद्याने दुसऱ्या धंद्याचे ओझे कोणत्याही तऱ्हेने उचलायचे नाही. चार वाक्यांचे कलम, पण त्यात सगळे आले. गंमत अशी की, कायद्याच्या आधीपासून वीज वितरण करणाऱ्या स्थानिक संस्थांना त्याच कलमातून सूट दिली आहे. म्हणजे ज्या बेस्टमुळे प्रश्न कळला तीच बाहेर.

आणि आता बारकाईने ऐका, कारण हे आपल्याला लागू आहे. त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की, सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात कोणी स्वतः वीज तयार करून वाटणार असेल तर त्याला परवान्याची गरज नाही. सभेत कोणीतरी हे मोठ्या आनंदाने सांगितले, "परवान्याची भानगडच नाही!" खरे आहे. पण ५१ वे कलम परवानाधारकाबद्दल बोलते. परवाना नाही म्हणजे ते कुंपणही आपोआप लागत नाही. वावराला वाट मिळाली म्हणून आपण खूश, पण त्याच वाटेने ढोरे आत येणार आहेत.

कुंपण हा शब्द आम्ही उगाच वापरला नाही. विलायतेत याच अर्थाचा शब्द वापरतात आणि तिथली एक हकीकत आपल्या ओळखीच्या नावाची आहे. एन्रॉन आठवते ना? गुहागर तालुक्यात दाभोळचा वीज प्रकल्प, तिची महाग वीज, आणि २००१ साली आपल्या वीज मंडळाने ती घेणे बंद केले ते प्रकरण. त्याच एन्रॉनने १९९८ साली इंग्लंडमध्ये वेसेक्स वॉटर ही पाणीपुरवठा करणारी कंपनी विकत घेतली होती. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनचे दिवाळे वाजले. इकडे दाभोळच्या यंत्रांना गंज चढत राहिला. पण तिकडे वेसेक्सच्या नळाचे पाणी एक दिवसही थांबले नाही. कारण पाण्याच्या परवान्यात आधीच अटी होत्या : पाण्याच्या कंपनीची मालमत्ता आणि पैसा मूळ मालकाच्या दुसऱ्या धंद्यासाठी मोकळेपणी उचलता येणार नाही, हिशेब वेगळे, संचालकांची जबाबदारी वेगळी. २००२ साली ती कंपनी मलेशियाच्या एका उद्योगाने विकत घेतली, तिला कसलीही इजा न होता. मालक बुडाला, विहीर बुडाली नाही.

त्याच देशात वेल्समध्ये दुसरा प्रकार झाला. तिथल्या पाण्याच्या कंपनीने १९९६ साली वीज कंपनी विकत घेतली. एकत्र कारभाराने खर्च वाचेल, एकच बिल, एकच कचेरी, असे सांगितले गेले. आपल्या सभेतली भाषाच म्हणा ना. पाच वर्षांत कर्जाखाली तो डोलारा मोडला. २००१ साली पाण्याचा कारभार नफा न वाटणाऱ्या एका संस्थेकडे गेला, जिला भागधारकच नाहीत. उरले ते पाणीपुरवठ्यात परत जाते. सहकाराच्या जवळचीच ती रचना. जर्मनीत मात्र शहरोशहरी नगरपालिकांच्या कंपन्या वीज, गॅस, पाणी आणि ट्राम एकत्र चालवतात, आणि विजेच्या नफ्यातून ट्रामचा तोटा भरतात, उघड्या डोळ्यांनी. तेव्हा एकत्र कारभार वाईटच असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे तपासणारे आहेत का? आहेत, आणि एक सोडून चार आहेत. विजेला मुंबईचा वीज नियामक आयोग. पाण्याला २००५ च्या कायद्याने झालेले जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, तेही मुंबईतच. गॅसला २००६ च्या कायद्याचे नियामक मंडळ, दिल्लीत. उसाला आणि साखरेला पुण्याच्या साखर संकुलातले आयुक्त. प्रत्येकाने आपापल्या बांधाच्या आत पाहावयाचे. नानांचे गाऱ्हाणे यातल्या कोणत्या दारात नेणार? वीज तोडली ती थकबाकीमुळे, म्हणजे आयोगाच्या दृष्टीने नियमाप्रमाणेच. पाणी नदीत होतेच, म्हणजे प्राधिकरणाकडे तक्रार नाही. ऊसबिल वेळेवर दिले होते, आयुक्तांकडे काही नाही. तिन्ही कचेऱ्यांत सगळे बरोबर आणि शेतात ऊस वाळलेला.

हे दुखणे आपल्या नदीला फार जुने आहे. मुळा नदीवर मुळशीचे धरण टाटांनी बांधले. त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो जमिनीसाठी. पण पाण्याचेही बघा. जे पाणी मुळा-मुठेतून भीमेला, म्हणजे आपल्या दौंडाकडे उतरायचे, ते घाटाखाली कोकणात सोडून त्याची वीज करतात. तिथे पाणी आणि वीज एकाच कंपनीच्या हाती शंभर वर्षे आहे. विजेचा दर ठरतो एका कचेरीत. पाण्याचा विचार होतो दुसरीकडे. ते पाणी एका युनिटमागे घाटाखाली किती गेले आणि इकडे ते किती एकरांवर फिरले असते, हे दोन आकडे एका टेबलावर ठेवण्याचे काम कोणाचेच नाही. असो. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधी लिहू.

आता आपल्या घरात येऊ. आम्हाला वाटते, सगळ्यात नाजूक जागा इथे आहे आणि सभेत तिचा उल्लेखही झाला नाही.

कारखाना तुम्हाला पाणी देणार, वीज देणार, आणि तुमचा ऊस विकतही तोच घेणार. देणारा आणि घेणारा एकच. दौंडात केडगाव-राहू बाजूला गुऱ्हाळे आहेत, खाजगी कारखाने आहेत. एखाद्या वर्षी गुऱ्हाळ रोख पैसे देते, कारखान्याची तोडणी लांबते, घरात मुलीचे लग्न असते. सभासद चार ट्रॅक्टर ऊस तिकडे घालतो. आज आम्ही काय करतो? चिटबॉय येऊन सांगतो, आम्ही त्या सभासदाच्या ओट्यावर जाऊन बसतो, चहा पितो, समजावतो, थोडे रागावतो. फार तर पुढच्या वर्षी त्याच्या बेण्याची मागणी उशिरा मंजूर होते. (हे लिहायला नको होते, पण तुम्हाला ते माहीतच आहे.) उद्या आमच्या हातात त्याच्या पाण्याचा व्हॉल्व्ह असला तर? आणि त्याच्या चुलीचा गॅस?

आम्ही स्वतःच्या मनाला विचारले. जानेवारीत गाळप कमी पडते आहे, वरून रोज फोन येतो आहे, गटाचे टनेज भरत नाही, आणि एका व्हॉल्व्हने दहा जणांचा ऊस वळवता येतो. अशा वेळी आमचा हात तिकडे जाणारच नाही अशी शपथ आम्हाला घेता येत नाही. आमच्यानंतर या खुर्चीवर येणाराला तर मुळीच घेता येणार नाही. म्हणून तो व्हॉल्व्ह शेती खात्याच्या हातात देऊच नका. कंपनीचा कर्मचारी वेगळा असावा, त्याला आम्ही हुकूम देऊ शकू असे नको. आणि पोटनियमात स्वच्छ लिहा की, ज्याने पाणीपट्टी भरली त्याचे पाणी ऊस कुठे घातला या कारणाने तोडता येणार नाही. ऊस न घातल्याबद्दल जी काय कारवाई सहकार कायद्यात आणि पोटनियमात आहे ती करा. तो रस्ता वेगळा. तसेच गॅसचे थकले म्हणून पाणी तोडायचे नाही आणि पाण्याचे थकले म्हणून घरातली चूल विझवायची नाही.

संचालक मंडळातल्या काहींना हे पटणार नाही. त्यांचे म्हणणे असे की, कंपनी कारखान्याच्या पैशाने उभी राहणार, मग ऊस बाहेर घालणाऱ्याला आपण पाणी का पुरवायचे? यात तथ्य आहे. सभासदांच्या भांडवलाचे पाणी पिऊन वाढलेला ऊस गुऱ्हाळाला जावा, हे आमच्याही पोटात दुखते. यावर आमचे उत्तर दराचे आहे. नोंदलेला ऊस घालणाऱ्याला पाणीपट्टीत सूट द्या, आणि ती सूट कारखान्याच्या ऊस विकासाच्या खर्चात दाखवा. म्हणजे सूट किती दिली ते वर्षाखेर अहवालात दिसेल. दरात फरक करा, पण पाणी तोडू नका.

मग कपातीचा प्रश्न. आजच्या पावतीवर बघा : सोसायटी, बेणे, खत, भाग रक्कम, ठेव, आणखी काय काय. त्यात अजून तीन ओळी येणार. आमचे म्हणणे, तीनच्या तीन ओळी वेगळ्या छापा, 'कंपनी देणे' अशी एक मोघम ओळ नको. पाण्याची कपात झाल्याबरोबर पाण्याच्या बँक खात्यात जमा व्हावी आणि त्या खात्यातून पहिला चेक वीजबिलाचा किंवा सौर संचाच्या हप्त्याचा निघावा. कारखान्याला तोडणीच्या उचलीसाठी कितीही नड आली तरी त्या खात्याला हात लावता येऊ नये. आणि कपातीला वरची मर्यादा असावी. ती किती, हे सभेने ठरवावे. पण पंधरवड्याच्या बिलात सगळ्या कपाती जाऊन शेतकऱ्याच्या हाती काहीच उरू नये, एवढे तरी बघायला हवे.

अवघड काम आहे ते सामाईक खर्चाचे आणि आपल्याच घरातल्या मालाच्या किमतीचे. हे थोडे किचकट आहे, पण सभासदांनी समजून घेतले पाहिजे. २०१३ च्या राज्य कायद्याने ऊसदराला महसूल विभागणीचे सूत्र आले. साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाचा. आता नव्या कंपनीला गॅस करायला प्रेसमड लागणार. तो कारखान्याने कंपनीला कोणत्या भावाने द्यायचा? फुकट दिला तर गॅस स्वस्त होईल, कंपनीचा ताळेबंद गोंडस दिसेल, सगळे कौतुक करतील. पण प्रेसमडची किंमत विभागणीच्या सूत्रातून गेली. म्हणजे ज्या सभासदाच्या गावात गॅसची जोडणीच नाही, त्याच्या ऊसदरातून दुसऱ्या गावच्या चुली पेटल्या. परळ-अंधेरीचीच गोष्ट झाली की! उलट प्रेसमडला जास्त भाव लावला तर गॅस कोणी घेणार नाही. बगॅसचेही तसेच : त्याची वीज करून उपशाला दिली तर कोणत्या भावाने? आणि हिशेबनीस, पहारेकरी, चारचाकी, कचेरी तिघांना मिळून एक असली तर तो खर्च कोणी किती उचलायचा? एकरांवर वाटायचा, युनिटांवर वाटायचा की जोडण्यांवर?

याचे एकच बरोबर उत्तर नाही. पण उत्तर आधी लिहून ठेवावे लागते, हंगाम संपल्यावर नव्हे. मार्चअखेर ताळेबंद बघून वाटणी करायला बसले की, ज्या खात्याला तोटा तिकडचा खर्च नफ्याच्या खात्यात सरकतोच; माणसाचा स्वभाव आहे.

"एवढे हिशेब म्हणजे एवढे कारकून," असे एका संचालकांनी आम्हाला हसत सांगितले. कारकून वाढतील, कबूल. पण शेजारच्या नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा ही वीज सहकारी संस्था सुमारे चाळीस वर्षे चालली आणि २०११ साली तिचा परवाना संपून वितरण महावितरणकडे गेले, ते विसरू नये. ती तर एकच सेवा देणारी होती, सहकारातली मोठी माणसे तिच्यामागे होती, आणि तरीही थकबाकीच्या वादाने ती ग्रासली. आपण एकदम तीन सेवा घ्यायला निघालो आहोत.

तपासणीस कोण, हा प्रश्न उरतो. मुंबई-दिल्लीच्या आयोगांनी आपल्या वाड्यावस्त्यांवर येऊन बघावे ही अपेक्षा व्यर्थ आहे. आम्ही असे सुचवतो की, एक दर समिती असावी. तिच्यात संचालक नकोत, कारखान्याचे अधिकारीही नकोत, आम्ही तर नकोच. नदीच्या दोन्ही काठांचे सभासद असावेत. पाणी घेणारे असावेत, गॅस घेणारे असावेत आणि काहीच न घेणारेही दोघे-तिघे असावेत. हे काहीच न घेणारे सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यांचा पैसा गुंतला आहे आणि फायदा काही नाही, तेव्हा तेच नीट बघतील. घरातली एखादी बाई असावी. गॅसचा आणि रात्रीच्या पाण्याचा अनुभव तिलाच आहे. समितीने वर्षातून एकदा तिन्ही हिशेब गावात वाचून दाखवावेत आणि मगच दर ठरावा. बाहेरचा एक हिशेब तपासनीस समितीने नेमावा, त्याची फी कंपनीने द्यावी, पण त्याला काढायचा अधिकार कंपनीला नसावा.

पोटनियमांचा कच्चा मसुदा तयार होतो आहे आणि तो संचालक मंडळापुढे जाण्याआधी सर्व गट कार्यालयांत वाचायला ठेवावा, अशी विनंती आम्ही लेखी केली आहे. मसुदा आला की चिटबॉयजवळ निरोप पाठवू. यायला जमले तर येताना मागील दोन हंगामांच्या ऊसबिलाच्या पावत्या घेऊन या. कपातीच्या ओळी समोर ठेवून मसुदा वाचला म्हणजे पटकन कळते. वाचता येत नसेल त्यांनी शाळेतल्या नातवाला बरोबर आणावे. गुरुवारी आम्ही दिवसभर पलीकडच्या काठाला असतो, तेव्हा गुरुवार सोडून.